न मोडलेली घडी

गेल्या महिन्यात शांता पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिच्यासाठी मागची खोली झाडून घेत होते, तेवढ्यात तिनं माझी पत्र्याची ट्रंक उघडली आणि अगदी तळातून एक पांढरी चादर वर काढली. गालाला लावली. म्हणाली, "आई, किती गार लागतीय गं. कुणाची ही?"

मी म्हणाले, "दुकानातली असेल."

"मग घाल की मला. उन्हाळ्याची बाळंतीण मी."

मी चादर तिच्या हातून घेतली, होती तशी ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं. असल्या चादरीपायी मी बोललेलं हे दुसरं खोटं. पहिलं बोलले तेव्हा शांता पदराला धरून माझ्या मागं मागं फिरत होती, आणि आमच्या उमरग्यावर निजामाचा अंमल होता. पहिलं खोटं एका शब्दाचं होतं. ते ज्या बाईवर पडलं, तिच्याबद्दल लिहायचं आहे. तोंडानं सांगायला गेले तर परत दुकानातली म्हणेन.

तिचं नाव नीलव्वा. मी नीलक्का म्हणायची. आमच्या घराच्या भिंतीला तिची भिंत लागून होती. उंच, वाळलेली, किंचित वाकलेली बाई. कपाळावर विभूतीच्या पट्ट्या, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगावर इरकली लुगडं, पदर कायम दोन्ही खांद्यांवरून. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. मला ती 'तंगी' म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. नवऱ्यामागं राहिलेली थोडी जमीन वाट्यानं लावलेली, त्यावर तिचं भागायचं.

कुणाच्याही घरी गेली की इतर बाया चुलीकडं बघतात, भांड्यांकडं बघतात. नीलक्का अंथरुणाकडं बघायची. नुसतं बघायची नाही, तळवा फिरवायची. हाताला ओल लागली, घामाचा वास आला, की तोंड वाकडं करून म्हणायची, "माणूस ताटाकडं बघतंय, पाटाकडं बघतंय. पाठीकडं कोण बघतंय गं?" आमच्याकडं वाकळी वर्षातून एकदा धुतल्या जायच्या, नवरात्राच्या आधी, दसरा काढताना. सगळ्या गल्लीच्या वाकळी बैलगाडीत घालून ओढ्यावर न्यायच्या आणि बडवून काढायच्या. त्या भिजल्या की दोघीतिघींना उचलत नसत, आणि वाळायला उन्हाचीही दमछाक व्हायची. नीलक्का मात्र दर सोमवारी तिच्या चादरी धुवायची. सकाळी दोरीवर टाकलेली चादर जेवणवेळेला कडक वाळलेली असायची. बाया म्हणायच्या, नीलव्वाच्या घरी रोज दसरा. पाठीमागं तिला चादरव्वाच म्हणत.

त्या चादरी साध्या सुताच्या नव्हत्या. लिननच्या होत्या. ती 'लिलन' म्हणायची.

त्यांच्यामागची गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, शेंगा फोडता फोडता. तिच्या नवऱ्याच्या कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा त्याला सोलापूरच्या एका दवाखान्यात ठेवला होता. महिनोन् महिने पाठीवर पडून. शेजारच्या खाटेवरच्या माणसाची पाठ फुटली, मांस दिसायला लागलं. हिनं एका दाईचे पाय धरले. त्या दाईनं कुठून तरी जाड पांढरी चादर आणून नवऱ्याखाली घातली आणि सांगितलं, ही घाम पिते पण ओली राहत नाही, धुशील तेवढी मऊ होते, विटत नाही, फाटत नाही. नीलक्का ती रोज धुवायची, रोज घालायची.

मी विचारलं, "मग बरे झाले का ते?"

"मेला की," ती म्हणाली. हात शेंगा फोडतच होते. "मेला, पर पाठ फुटली न्हाई त्याची. आंघोळ घातली तवा बघितलं म्या. लेकरासारखी पाठ."

तिचा भाऊ सोलापुरात एका कापडाच्या वखारीत हमाल होता. तिथं लिननचा एक तागा कडेनं भिजून डागाळला, कुणी घेईना, तो त्यानं बहिणीसाठी मागून घेतला. आता तो इकडं आणायचा कसा? सोलापूर इंग्रजी मुलूख, आमचा निजामाचा. मध्ये करोडगिरीचा नाका. नव्या कापडावर जकात, वापरातलं असेल तर सोडायचे. हिनं भावाच्या घरी ताग्याच्या चादरी फाडल्या, एकावर एक अंथरल्या आणि त्यांच्यावर झोपली. उठून पडायची, कुशी बदलायची, परत पडायची. भावजय म्हणाली, वन्सं, अंगात आलंय का तुमच्या? नाक्यावरच्या जवानानं गाठोडं सोडायला लावलं.

"नया माल है?"

"नवं कुठलं, साहेब? घडी मोडलीय. ह्याच्यावर निजते मी. बघा की."

जवानानं बघितलं. लिननची एक खोड आहे. सुती कापड झटकलं की सुरकुती जाते, लिननची जात नाही. जो त्याच्यावर बसला, निजला, त्याची खूण ते धरून ठेवतं, पाण्यात पडेपर्यंत सोडत नाही. चादरीभर सुरकुत्याच सुरकुत्या. जवान म्हणाला, "जाव अम्मा, सोते रहो." नाक्याची ही गोष्ट मात्र नीलक्का कितीदा तरी सांगायची, आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. हसताना पार लहान पोर दिसायची.

भावानं तिला असंही सांगितलं होतं की हे कापड जवसापासून होतं. गल्लीत तिनं ते सांगितल्यावर काय थट्टा झाली. आमच्याकडं जवस म्हणजे चटणी, फार तर तेल. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "नीले, आता तिळावर निज, कारळावर निज. भाकरी तेवढी आमाला ठिव." नीलक्कानं ते मनाला लावून घेतलं. त्या वर्षी जवसाची मळणी झाल्यावर लोकांनी जाळायला टाकलेल्या काड्या तिनं मागून आणल्या, पेंढ्या बांधल्या आणि ओढ्यात दगडाखाली बुडवून ठेवल्या, अंबाडी कुजवतात तशा. आठवड्यात असा वास सुटला की म्हशी पाण्याला तोंड लावेनात. लोक भांडायला आले. तिनं त्या काड्या उपसल्या, वाळवल्या, दगडावर कुटल्या. निघाला तो आखूड, राठ धागा. बरेच दिवस ती तो मांडीवर वळत बसली होती. शेवटी आमच्या दारात येऊन सासूबाईंच्या पुढ्यात एक दोरी टाकली.

"घ्या वैनी. चादर व्हायची होती, वासराचं दावं झालं."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ते दावं आमच्या गोठ्यात पुष्कळ दिवस होतं. तुटलं नाही.

पण हसणं वेगळं आणि चादर घरात घेणं वेगळं. कोरं पांढरं कापड जित्या माणसाच्या अंगाखाली घालत नाहीत, ते कुठल्या वेळी लागतं हे सगळ्यांना ठाऊक. त्यात देणारी विधवा. शांताच्या वेळी मला बाळंतपणात ताप भरला. चैत्र संपत आलेला. खोलीची खिडकी बंद, खाटेखाली शेगडी, खाटेवर वाकळ, अंगावर दुसरी वाकळ. घामानं मी आणि पोर दोघी भिजून गेलो होतो, तिच्या अंगावर घामोळ्यांचे फोड आलेले. नीलक्का आली. तळवा फिरवला. तशीच घरी गेली आणि चादर घेऊन आली.

सासूबाई उंबऱ्यात आडव्या झाल्या. म्हणाल्या, पांढरं न्हाय घालायचं माझ्या सुनंखाली.

नीलक्का त्यांच्याशी भांडली नाही. आमच्याच देवळीतली हळद घेतली, बोट ओलं केलं आणि चादरीच्या कोपऱ्यावर टेकवलं. आमच्याकडं नवं लुगडं, नवं धोतर असंच हळदीचं बोट लावून नेसतात. "आता कोरं ऱ्हायलं का वैनी?" तिनं विचारलं. सासूबाईंनी हळदीचा कोपरा बघितला. त्या बाजूला झाल्या.

ती चादर पाठीला लागली तो क्षण मला अजून आठवतो. विहिरीतल्या पायरीवर बसल्यासारखं वाटलं. "तंपु?" तिनं विचारलं. कानडीत तंपु म्हणजे गार. मी मान हलवली. तिनं खिडकीही उघडायला लावली. दोन चादरी आलटून पालटून रोज धुऊन घालायची. माझा ताप उतरला, पोरीचे फोड वाळले. सासूबाईंनी तिला खण देऊ केला. तो तिनं घेतला नाही, चहा मात्र घेतला.

त्यानंतर तिच्या चादरी घरोघर जायला लागल्या. कुणाला मुदतीचा ताप, कुणी पडून मोडलेलं, कुणी म्हातारं अंथरुणाला खिळलेलं. चादर परत आली की ती उकळत्या पाण्यात सोडा घालून काढायची, अर्धवट ओली असतानाच घडी घालायची, आणि पाट्याखाली रात्रभर दाबून ठेवायची. इस्त्री तिच्याकडं कुठली? पण पाट्याखालच्या त्या घडीची धार अशी असायची की बोट फिरवताना जाणवावी. कोपऱ्यावर ताजं हळदीचं बोट. मगच पुढच्या घरी. मला वाटतं तिला तेवढंच हवं होतं. जगायला एक काम. आपण दारात आलेलं लोकांना बरं वाटावं एवढंच.

आता जी माणसं मुळात आजारी, त्यांच्यातली काही जाणारच. पण जगली ती देवीच्या कृपेनं आणि मेली ती नीलव्वाच्या चादरीवर, असं आडावर बोललं जायला लागलं. मी ते ऐकायची. एकदाही म्हणाले नाही की मी त्या चादरीवरून उठलेय.

शांताच्या पाठीवर मला मुलगा झाला. बसवराज. बाळसेदार, हसरा. सव्वा वर्षाचा असेल, त्याला उन्हाळ्यात ताप आला. आधी कमी, मग असा की हात ठेववेना. ह्यांनी औषध आणलं, ते पोटात ठरेना. सासूबाईंनी तुळजापूरला जाऊन आईपुढं पदर पसरायचं ठरवलं. त्या मोटारीला निघायच्या, तेवढ्यात नीलक्का चादर घेऊन आली. घडी घातलेली, कोपऱ्यावर हळद. माझ्या हातात दिली. म्हणाली, मी ओढ्यावरून येते, तवर तू घाल, खिडकी उघड, अंगावर काही टाकू नको. आणि सासूबाई, ज्या एकदा उंबऱ्यात आडव्या झाल्या होत्या, त्याच जाता जाता म्हणाल्या, "घाल गं तिची चादर. मागच्या बारीला गुण आला होता."

मी पाणी आणायला आडावर गेले. नुसतं एक घागर पाणी. तिथं एक बाई होती, तिचा सासरा आठ-पंधरा दिवसांमागं नीलक्काच्या चादरीवर गेला होता. ती दोर ओढता ओढता म्हणाली, "आमच्याकडची चादर आता तुमच्यात आली म्हनं." बाकीच्या गप्प झाल्या. कुणी हसलं नाही. तेच मला भोवलं.

घरी आले. चादर कोनाड्यात ठेवली. घडी होती तशी. बसूखाली वाकळ होतीच, वर दुसरी टाकली, घाम आला की ताप निघेल म्हणून. खिडकी लावून घेतली. नीलक्का ओढ्यावरून येताना दारात आली, विचारलं, घातलीस? मी आतूनच म्हणाले, झोपलाय, उठवू नका. ती गेली.

ऊन कलायच्या आत बसूनं डोळे फिरवले. मी त्याला उचलून मांडीवर घेतला आणि ओरडले. लोक आले तेव्हा तो माझ्या मांडीवर होता. तो कशावर निजला होता हे कुणी बघितलं नाही, त्या वेळी कोण बघणार? उन्हाळ्याचे दिवस, लेकराची माती सांजेच्या आत झाली.

चादर घातली असती तर तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पुढं एका डॉक्टरला आडून आडून विचारलं, तो म्हणाला असे ताप मुलांना झेपत नाहीत. असेल. पण शेवटचे तास त्यानं घामात, अंधारात, दोन वाकळींच्या मध्ये काढले आणि ते मी केलं, हे कुठल्या डॉक्टरनं पुसायचं?

सासूबाई तुळजापूरहून परत आल्या. हातात देवीचा अंगारा होता. दारातच त्यांना कळलं. घर बायांनी भरलेलं होतं, नीलक्का भिंतीला टेकून बसली होती. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी नीलक्काकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"तिच्याच चादरीवर होता न्हवं?"

न्हाय म्हणायचं तर पुढं सांगावं लागलं असतं. तुम्ही घाल म्हणालात ती मी घातली नाही. वाकळीवर वाकळ टाकली. खिडकी लावली. बाया माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

मी म्हणाले, "व्हय."

सासूबाई नीलक्काला फार काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, नीले, आता ह्या घरात पांढरं आणू नको. नीलक्का उठली. माझ्याकडं बघितलं नाही, घरी गेली. माझं 'व्हय' मात्र गल्लीभर गेलं. सख्खी आई सांगती म्हटल्यावर कोण शंका घेणार?

काही दिवसांनी चादर परत करायला मी गेले. ती जात्याजवळ बसली होती. मी चादर पुढं केली. तिनं ती मांडीवर घेतली आणि सवयीनं तळवा फिरवला. धारेवरून बोट नेलं. कोपऱ्यावरचं हळदीचं बोट तसंच कोरडं, कुठं घासलेलं नाही. तिचा हात थांबला. तिला सगळं कळलं. ज्या कापडानं तिला नाक्यावर सोडवलं होतं, ते माझ्याबद्दल तिला सांगत होतं.

"घडी मोडली न्हाईस, तंगी," ती म्हणाली.

विचारलं नाही, रागावली नाही. अंगणात चादर वाळत घालताना 'आज ऊन हाय' म्हणायची, तशा आवाजात. मी उभी राहिले. मग शांता रडत असेल म्हणून निघून आले. शांता रडत नव्हती.

तिला बाहेर येऊन सगळ्यांना सांगता आलं असतं. चादर दाखवता आली असती. तिनं ते केलं नाही. का केलं नाही, याचा मी त्या वेळी विचार केला नाही, तिचं गप्प राहणं मला सोयीचं होतं. आता वाटतं, लेकरू गेलेल्या बाईचं अंथरूण उघडं करायचं नाही, एवढंच तिच्या मनात असावं.

त्यानंतर तिच्या चादरी कुणी मागितल्या नाहीत. ती दर सोमवारी धुवायची, पण दारातल्या दोरीवर टाकायची नाही, आत परसात टाकायची. कुणाच्या घरी गेलीच तर हात मांडीखाली दाबून बसायची, अंथरुणाला लागू नये म्हणून. ते मला बघवत नसे, म्हणून मी बघत नसे. सासूबाई पुढं तिच्याशी बोलायला लागल्या, सणाला पुरणपोळी पाठवायच्या. पण कुणाच्या दारात आजारपण आलं की त्या दारातून तिला बोलावणं गेलं नाही.

मग रझाकारांच्या धामधुमीत लोक हद्द ओलांडून सोलापूरकडं जायला लागले. नीलक्काचा भाऊ गाडी घेऊन आला. पुढं दोन-तीन वर्षांनी ती तिकडंच वारली असं कळलं. कशावर निजली होती, पाठ कशी होती, कुणी सांगितलं नाही, आणि मी कुणाला विचारलं नाही.

मी तिला शेवटची बघितली ती त्या गाडीत. सकाळची वेळ. गाडीत कडबा टाकून वर तिची एक चादर अंथरली होती आणि त्यावर ती पाय दुमडून बसली होती, गाठोडं मांडीवर. गल्लीतल्या बाया निरोपाला आल्या होत्या, सासूबाईही होत्या. मी रात्रभर ठरवलं होतं. सगळ्यांच्या देखत बोलायचं, बसू त्या चादरीवर नव्हता. एवढंच वाक्य.

तिनं शांताला हाक मारली. गाठोड्यातून एक चादर काढून तिच्या हातात दिली. पाट्याखाली दाबलेली घडी, कोपऱ्यावर हळदीचं ताजं बोट. सासूबाई या वेळी आडव्या झाल्या नाहीत. मी गाडीजवळ गेले. चाकाला हात लावून उभी राहिले. तिनं माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं मी कशाला आलेय. ती थांबली. बैल हलत होते, भावानं कासरा ओढून धरला होता, आणि ती माझ्या तोंडाकडं बघत थांबली.

मी म्हणाले, "पाणी घेतलं का बरोबर?"

"घेतलंय, तंगी," ती म्हणाली. मग हळू, मला एकटीला ऐकू जाईल असं, "हिची तरी घडी मोड."

गाडी हलली. वेशीपर्यंत ती दिसत होती. मागं वळली नाही. पाठीमागून नुसता तिचा उजवा हात दिसत होता, शेजारच्या रिकाम्या चादरीवरून सावकाश फिरत, पुढं जाऊन परत मागं येत, तिथं कुणी निजलेलं असावं तसा.